चहातलं मीठ

“साखर तुमच्यासाठी, मीठ माझ्यासाठी,” म्हणत बाई पर्समधली पुडी काढायच्या आणि चहात चिमूटभर मीठ टाकायच्या. कंधारच्या ज्या शाळेत आम्ही दोघी शिकवायचो, तिथं नव्यानं आलेल्या शिक्षकाचं तोंड ते पाहून हमखास वाकडं व्हायचं. बाईंना त्याची मोठी मजा वाटायची.

कारण मात्र गमतीचं नव्हतं. तुमच्या-माझ्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. ताप आला, मार लागला, उंचावर गेलं, की त्या जादा रस सोडून शरीराला सावरतात. बाईंच्या ग्रंथी बंद पडल्या होत्या, आणि त्या रसाविना अंगातलं मीठही टिकत नाही. तो रस त्या गोळीतून घ्यायच्या. उलटीत गोळी पडली, तर सगळी भिस्त इंजेक्शनवर. त्यांनी मला मोसंबीत सुई टोचायला शिकवलं होतं. “मी पडले तर इचारत बसू नको पोरी. टोच.”

आणि या बाई विहारातल्या बायकांसोबत लेहला निघाल्या! डॉक्टर आधी नको म्हणाले, मग त्यांनी गोळ्या वाढवून दिल्या. मी सोबत गेले ती निव्वळ धास्तीपोटी.

तिथल्या मठात एका भिक्खूनं चहा दिला. बाई घोट घेऊन थबकल्या. तिकडच्या रीतीनं लोणी-मीठ घातलेला तो चहा खारट होता. “बघ, हितं समद्यांनाच माझा रोग हाय,” म्हणाल्या आणि पेला पुढं केला.

दुसऱ्या दिवशी खिंडीत त्यांना उलट्या सुरू झाल्या. हाका मारल्या तरी डोळे उघडेनात. ड्रायव्हरच्या मते हवा विरळ होती, खाली गेलं की बरं वाटणार होतं. सोबतच्या काकू म्हणाल्या, “थांब गं, डॉक्टरला इचारून घेऊ.” फोनला रेंज नव्हती. मी औषध कालवलं आणि सलवारीवरूनच मांडीत सुई खुपसली. गाडी बरीच खाली उतरल्यावर बाई पुटपुटल्या, “मोसंबीपेक्षा बरी टोचलीस.” मी ढसाढसा रडले.

गेल्या उन्हाळ्यात त्या माहेरी, रेणापूरला भाचीच्या लग्नाला गेल्या. माहेरच्यांना घोर नको, म्हणून तिथं त्यांनी आजाराचं कधी सांगितलंच नव्हतं. उलट्या लागल्या तेव्हा ऊन लागलं असं समजून बायकांनी कांदा हुंगवला, पन्हं पाजलं, पंख्याखाली निजवलं. कुणी मायेत कमी पडलं नाही.

निरोप मिळताच मी निघाले, पण पोचले तेव्हा बाई गेल्या होत्या. पर्स उशाशीच होती. आत मिठाची पुडी होती, आणि इंजेक्शनची डबी, तशीच बंद.