दोन साडू, दोन टर्बो

तिसऱ्या रनला अण्णामलैंच्या गाडीचा आलेख तिच्याच आधीच्या दोन्ही रनपेक्षा खाली आला. गाडीसमोरचा मोठा पंखा घोंगावत होता. दुसऱ्या गाडीचे मालक षण्मुगम स्क्रीनचा फोटो काढत होते. फॅमिली ग्रुपवर टाकायला, दुसरं काय!

आधी माझं काम सांगते. इकडे तमिळ मुलखात, गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची टेस्टिंग शेड आहे. जमिनीत रोलर बसवलेत. गाडीची चारही चाकं त्यांवर चढवायची, पट्ट्यांनी गाडी घट्ट बांधायची आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. गाडी जागची हलत नाही, चाकं रोलर फिरवतात, आणि इंजिनाची किती पॉवर खरोखर चाकांपर्यंत पोचते ते स्क्रीनवर उमटतं. ह्याला डायनो म्हणतात. मी मूळची इचलकरंजीची, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली, त्यामुळे इंजिनाच्या आवाजाचं मला काही वाटत नाही. माणसांचा आवाज चढला की मात्र माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी माणसांचाच चढला होता. अण्णामलै आणि षण्मुगम हे साडू. दोघेही ओरगडमच्या कारखान्यांना पार्ट पुरवतात. दोघांनीही एकाच वर्षी लक्झरी एसयूव्ही घेतली. धाकट्या अण्णामलैंची टर्बो पेट्रोल, थोरल्या षण्मुगमची टर्बो डिझेल. ब्रोशरमध्ये पेट्रोलची पॉवर चांगलीच जास्त. पण महाबलीपुरमच्या रस्त्यावर, दोन्ही कुटुंबं गाड्यांत बसलेली असताना, डिझेल पुढे गेली ती गेलीच. षण्मुगमनी जाताना खिडकीतून टाटा केला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. आज निकाल लावायला दोन्ही गाड्या माझ्याकडे आल्या होत्या, आणि डिझेलचा रन आधीच झाला होता.

"शोरूमनं मला फसवलंय, मॅडम," अण्णामलै म्हणाले. "तुमचा रिपोर्ट खराब आला की गाडी परत. आणि ही विकणारा हा राघवही घरी बसणार. मी त्याच्या मॅनेजरशी बोलून ठेवलंय."

राघव कोपऱ्यात टाय सैल करून उभा होता. तो तंजावरच्या मराठी घरातला. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तिला तमिळचा हेल. एरवी मला ऐकायला फार गोड वाटते.

"अक्का, मी खोटं काही सांगितलों नाही," तो हळूच म्हणाला. "पुस्तकांत होतं तेंच सांगितलों. तै महिन्यांत, संक्रांत झाली कीं, लग्न आहे माझं. नोकरी गेली तर मुलीचे वडील काय म्हणतील?"

काय म्हणतील ते मला चांगलंच ठाऊक होतं. माझ्या वडिलांनीही तेच म्हटलं असतं. मला त्याची खरंच कणव आली. पण आलेखाला कणव कळत नाही, आणि रिपोर्टवर सही माझी असते.

शेडमधल्या एकमेव चांगल्या खुर्चीवर पाट्टी बसल्या होत्या. पाट्टी म्हणजे आजी, इथे दोन्ही जावयांच्या सासूबाई. जावई हमरीतुमरीवर येऊ नयेत म्हणून त्या देवळातून थेट इकडे आल्या होत्या.

मला खटकत होतं ते वेगळंच. इंजिनात दोष असता तर तिन्ही रनला पॉवर सारखीच कमी आली असती. ही दर रनला उतरत होती. म्हणजे कुठेतरी काहीतरी तापत होतं.

इथे टर्बो समजून घ्या. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर एक छोटं चक्र फिरतं. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त पॉवर. पण दाबलेली हवा तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं टोक हाताला चटकतं ना, तसंच. म्हणून ती आधी इंटरकूलरमधून नेतात. हा एक छोटा रेडिएटर, पुढच्या जाळीमागे बसवलेला. त्याला वारा मिळाला नाही, तर गाडीचा कॉम्प्युटर इंजिन जपायला पॉवर कमी करतो.

मी खालची जाळी खोलायला लावली. आत हात घातला आणि बाहेर काढलं एक काळं गाठोडं. मग आणखी एक. मग आणखी. तुरटी, वाळकी लिंबं, लोकरीचा काळा दोर, सगळं कापडात गच्च बांधलेलं. इंटरकूलरच्या तोंडावर उशी ठेवल्यासारखं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

अण्णामलै छताकडे बघायला लागले. "दृष्टीचं आहे. अत्तैंनी, म्हणजे सासूबाईंनी दिलेलं. एवढ्या महागड्या गाडीच्या नाकावर लिंबू लटकलेलं बरं दिसतं का, मॅडम? मी ड्रायव्हरला म्हटलं, बाहेर दिसता कामा नये."

"आणि जुनं काढलं का नाहीत?"

"दृष्टीचं असं कुठेही टाकत नाहीत," पाट्टी खुर्चीतून म्हणाल्या. "मी दर अमावास्येला नवं देते."

षण्मुगम पोट धरून हसायला लागले. त्यांच्या गाडीला लिंबू-मिरची राजरोस बंपरखाली लटकत होती, वारा खात.

मी पाट्टींना माझ्या मोडक्या तमिळमध्ये सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे ह्याच्यामुळे गाडी हळू झाली?"

"हो, पाट्टी."

"नक्की?"

"मशीन सांगतंय."

त्यांनी हात जोडले. "मुरुगा! म्हणजे लागू पडलं! अगं अम्मा, हा गाडी कशी हाणतो ते तू बघितलं नाहीस. माझी मुलगी मागे बसून मुठी आवळून देवाचं नाव घेत असते. आता कळलं, देवानं ऐकलं. ते परत आत ठेव."

घ्या! इतकी वर्षं मी दोष शोधतेय, पण दोष सापडल्यावर तो जपून ठेवा म्हणणारी ही पहिलीच.

"अत्तै!" अण्णामलै ओरडले.

"पाट्टी," राघव पुढे आला, "एकच रन त्याच्याविना घेऊं द्या. नाहीतर माझं लग्न मोडेल." तमिळमध्ये त्याने काय काय सांगितलं ते सगळं मला कळलं नाही, पण पाट्टी विरघळताना दिसल्या.

"एक रन घ्या," त्या म्हणाल्या. "मग परत आत."

"ते नाही चालणार," मी म्हटलं. "इंजिन खराब होईल. तसा रिपोर्ट मी देणार नाही."

"मग ह्याला हळू कोण ठेवणार? तू?"

प्रश्न बिनतोड होता. मी राघवकडे बघितलं, राघवनं माझ्याकडे. आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. ह्या गाड्यांत नवशिक्यांसाठी एक मोड असतो. मुलगा पहिल्यांदा गाडी घेऊन जाणार असेल तर आईबाप तो लावतात. ठरावीक वेगापुढे गाडी जातच नाही. काढायला पिन लागतो. राघवनं हे पाट्टींच्या कानात सांगितलं.

पाट्टी जावयाकडे वळल्या. "लिंबं बाहेरच राहू देते. पण मी सांगेन ते कबूल?"

अण्णामलैंचं लक्ष षण्मुगमच्या मोबाइलकडे. "कबूल, अत्तै, कबूल! आधी रन घ्या!"

इंजिन गार होऊ दिलं आणि चौथा रन घेतला. आलेख चढत गेला आणि डिझेलच्या वर बराच पुढे जाऊन थांबला. राघवनं सैल केलेला टाय परत घट्ट केला. अण्णामलैंनी दोन्ही हात वर केले.

"जरा थांबा," षण्मुगम म्हणाले. "खालच्या आरपीएमला, इंजिन हळू फिरत असताना, माझीच रेघ वर आहे."

तेही बरोबर होतं. ओल्या कपड्यांची भरलेली बादली उचलायला लागतो तो जोर म्हणजे टॉर्क. तशा बादल्या भराभर गच्चीवर नेणं ही पॉवर. डिझेल बादली पटकन उचलतं, पेट्रोल जिने झपाट्याने चढतं. एवढं सांगितल्यावर दोघं साडू बादली कुणाची मोठी ह्यावर भांडायला लागले. म्हणजे बोलायला लागले. पाट्टींनी डोळे पुसले.

मग त्या अण्णामलैंच्या गाडीत पुढच्या सीटवर चढून बसल्या. राघवनं स्क्रीनवर तो मोड उघडून दिला आणि तोंड फिरवलं. पाट्टींनी पदर आडवा धरून पिन टाकला. वेगाची मर्यादा बघून अण्णामलै रडकुंडीला आले.

"अत्तै, ह्या वेगानं तर बससुद्धा मला मागे टाकेल!"

"टाकू दे. कबूल म्हणालास ना?"

मी रिपोर्ट दिला: इंजिन निर्दोष, हवेचा मार्ग बंद होता, तो मोकळा केला. राघवची नोकरी राहिली. लग्नही झालं, मी जेवून आले. तिथे अण्णामलैंनी मला गाठून हळूच पिन विचारला. तो मला माहीत नव्हता. राघवला विचारलं तर तो म्हणाला, "ठाऊक नाही, आणि ठाऊक असता तरी सांगितलों नसतों."

अजूनही लोक माझ्याकडे विचारायला येतात, मॅडम, ह्या दोन गाड्यांत जोरदार कुठली? पूर्वी मी लगेच आलेख काढून दाखवायची. आता आधी विचारते, मागच्या सीटवर कोण बसणार आहे?