वेस्ट वॉलची पट्टी

माझी शेवटची पोस्टिंग हैदराबादला आली. शहराबाहेरचा लष्कराचा एक डेपो. मी हवालदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. त्याआधीची बरीचशी नोकरी डोंगरात गेली होती, जिथं डिझेल गोठतं आणि पाना उघड्या हातानं धरला तर कातडी चिकटून येते. हैदराबाद ऐकून बायकोला बरं वाटलं. आमचं गाव नांदेडकडचं, आणि तिचा भाऊ अंबरपेठेत राहत होता. आम्ही तिथंच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. "आता शेवटची वर्षं निवांत करा," ती म्हणाली.

लोक विचारतात, सोनकांबळे, तुम्ही कुठल्या लढाईत होता? मी सांगतो की माझ्या नोकरीतला सगळ्यात वाईट दिवस गवत कापायचा होता. त्यांना थट्टा वाटते. म्हणून नीट सांगतो.

डेपोच्या पश्चिम टोकाला पीओएल होतं, म्हणजे पेट्रोल, डिझेल आणि वंगणाच्या बॅरलांचं गोदाम. गोदाम आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मोकळं रान. पावसाळ्यात तिथं मांडीइतकं गवत व्हायचं आणि मार्चपर्यंत वाळून कडकडीत. त्यातून भिंतीला समांतर एक रुंद पट्टी बुडापासून कापून, झाडून स्वच्छ ठेवायची. बाहेरून आग आली तर तिथं थांबावी म्हणून. तिला फायर लाइन म्हणतात. उन्हाळ्याआधीचं ते नेमाचं काम होतं, त्यात शौर्य वगैरे काही नाही.

या कामाला बसून चालवायचा ग्रास कटर होता. छोट्या ट्रॅक्टरसारखा, पोटाखाली पाती, पुढं एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. तो चालवायचा शिपाई यादगिरी. जनगावकडचा माणूस. सतरा वर्षं इन्फन्ट्रीत काढून पेन्शनीत गेलेला आणि पुन्हा वर्दी चढवून डेपोच्या गार्डात आलेला. थोरली मुलगी चिक्कडपल्लीच्या लायब्ररीत बसून सरकारी परीक्षेचा अभ्यास करायची, धाकटी कॉलेजात. वयानं तो माझ्याहून मोठा, रँकनं लहान. मी त्याला अन्ना म्हणायचो, तो मला उस्ताद.

त्या वर्षी कटरनं त्रास द्यायला सुरुवात केली. थंड इंजिन एका किल्लीत सुरू व्हायचं. अर्धा तास छान चालायचं. मग मिसिंग सुरू. आवाज वर जायचा, खाली यायचा, दोन-चार गचके आणि बंद. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही.

मी क्रमानं गेलो. एअर फिल्टर धुळीनं गच्च होता, बदलला. इंजिनाच्या कव्हराखाली वाळलेलं गवत ठासून बसलं होतं, त्यानं इंजिन तापतं, म्हणून ते सगळं उपसून काढलं. पेट्रोल बदललं. कार्बोरेटर उघडून जेट फुंकले. सीटखाली एक स्विच असतो. चालवणारा सीटवरून उठला की तो इंजिन बंद करतो, म्हणजे पडलेल्या माणसावर पाती फिरू नयेत. त्या स्विचची वायर ढिली असली तर खड्ड्यात गाडी बंद पडते. ती तपासली, घट्ट होती. प्लग काढला तर पांढरट, कोरडा. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं. पण कुठं अडत होतं ते सापडेना. वर्कशॉपात टाकी भरून चालवला की तास-तास कुरकूर नाही. रानात नेला की अर्ध्या तासात बंद.

डेपोचा ट्रॅक्टर दुसऱ्या युनिटला गेलेला. पूर्ण पट्टी हातानं कापायला माणसं नव्हती. मार्चचा शेवट आला तरी पीओएलसमोरचा तुकडा उभाच होता.

त्या दिवशी दुपारी मी यादगिरीबरोबर वेस्ट वॉलला, म्हणजे त्या पश्चिमेच्या भिंतीकडं गेलो. गाडी बंद पडेल तिथंच बघायची असं ठरवून. सोबत गार्डातले दोन जवान, कापलेलं गवत ओढायला, आणि नेमाप्रमाणं पाण्याचं पिंप आणि गोणपाटं. वारा पश्चिमेचा होता आणि उन्हानं भिंत तापली होती. कटर अर्धा तास चालला आणि गचके द्यायला लागला.

"देखो उस्ताद, आ गया इसका टाइम," यादगिरी म्हणाला.

इंजिन बंद पडलं. पेट्रोल किती उरलंय ते बघायला मी टाकीचं झाकण फिरवलं. झाकण सुटताना सूं करून हवा आत ओढली गेली. यादगिरीनं किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं, एकसारखं.

झाकणाला सुईएवढं भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी त्यातून टाकीत हवा यायला हवी. भोक धूळ आणि तेलानं बुजलं होतं. हवा नाही, म्हणून पेट्रोल उतरत नव्हतं. वर्कशॉपात मी प्रत्येक वेळी पेट्रोल भरायला झाकण उघडत होतो, म्हणून तिथं दोष दिसत नव्हता. मी वायरमधली एक बारीक तार सोडवली आणि भोक मोकळं केलं. आम्ही दोघंही हसलो. इतके दिवस, आणि एवढंसं भोक.

तेवढ्यात भिंतीपलीकडून धूर दिसला.

पलीकडं प्लॉट पाडायचं काम चाललं होतं. कुणीतरी तोडलेली वेडी बाभूळ पेटवली होती. वाऱ्यानं ज्वाळा भिंतीवर आल्या आणि ठिणग्या आत पडायला लागल्या. दोन ठिकाणी गवत पेटलं. मी वायरलेस सेट उचलला.

"कंट्रोल, वेस्ट वॉल. आग. ओव्हर."

"वेस्ट वॉल, कंट्रोल. अंदर या बाहर? ओव्हर."

"अंदर आ गयी. पीओएल के सामने की पट्टी कटी नहीं है. टेंडर भेजो. ओव्हर."

फायर टेंडर, म्हणजे आगीचा बंब, डेपोच्या दुसऱ्या टोकाला होता. सेटवर ड्यूटी ऑफिसर आल्या, कॅप्टन मॅडम. आवाज शांत होता.

"सोनकांबळे, टेंडर निकल गया है. पट्टी कट सकती है? मशीन चलेगी?"

"मशीन चलेगी, मॅडम."

मला मशीनबद्दल विचारलं होतं. मी मशीनबद्दल सांगितलं.

"काटो. आउट."

यादगिरी सीटवरच होता. मी म्हणालो, "अन्ना, उतर. मी घेतो."

"नक्को उस्ताद. ये जमीन मेरे को मालूम. पत्थर कहां है, मालूम." त्यानं मानेवरचा टॉवेल पाण्यात बुडवून तोंडाला बांधला आणि कटर गिअरमध्ये टाकला.

आम्ही तिघं ओली गोणपाटं घेऊन ठिणग्या झोडपत होतो. पहिली फेरी त्यानं सरळ रेषेत कापली, कोपऱ्यावर वळला आणि परत आला. पात्याखालचं गवत आगीच्या बाजूला फेकलं जात होतं, ते बरोबर होतं. जवळून जाताना त्यानं एक बोट वर केलं. आणखी एक फेरी. तेवढी रुंदी लागणारच होती.

दुसऱ्या फेरीत वारा पडला आणि धूर जमिनीवर आला. कटर दिसेनासा झाला. फक्त आवाज येत होता, भरलेला, एका लयीत. कितीतरी दिवसांत ते इंजिन इतकं चांगलं चाललं नव्हतं. मी त्या आवाजावर कान ठेवून गोणपाट मारत होतो.

आवाज बंद झाला.

गचका नाही, वर-खाली नाही. एकदम बंद. पेट्रोल तुटलं की इंजिन असं मरत नाही, आधी खोकतं. असं बंद होतं ते सीटवरचं वजन गेल्यावर.

मी गोणपाट डोक्यावर घेतलं आणि आत गेलो. मागून एक जवान आला. यादगिरी कटरशेजारी कुशीवर पडला होता. आम्ही काखेत हात घालून त्याला कापलेल्या पट्टीवरून ओढत बाहेर आणलं. टेंडर पोचला होता. माझ्या हातांवर फोड आले होते, ते मला संध्याकाळी कळलं.

पट्टीनं काम केलं. आग तिथपर्यंत आली, कापलेल्या जमिनीवर बसकी झाली आणि पाण्यानं विझली. एकही बॅरल तापला नाही. पीओएलच्या मागं फॅमिली क्वार्टर्स होते. त्या वेळी मुलं शाळेतून यायला लागली होती.

अँब्युलन्समध्ये मी त्याच्याजवळ होतो. ऑक्सिजन लावला होता. त्यानं एकदा डोळे उघडले, पण माझ्याकडं पाहिलं की नाही, सांगता येत नाही. हॉस्पिटलच्या गेटच्या आधीच तो गेला. डॉक्टर म्हणाले, धूर, आणि हृदय आधीच कमजोर असावं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मला विचारलं, मशीन ठीक होती? मी म्हणालो, ठीक होती. कॅप्टन मॅडमनी स्वतःची ऑर्डर शब्दशः सांगितली, काही वगळलं नाही. कुणावर ठपका आला नाही. बाहेर आल्यावर मॅडम पायऱ्यांवर बराच वेळ टोपी हातात घेऊन उभ्या होत्या. मी सॅल्यूट केला. त्यांनी टोपी घातली, सॅल्यूट परत केला, आणि आम्ही आपापल्या कामाला गेलो.

पुढच्या वर्षी ती पट्टी मी स्वतः कापली. त्यानंतर रिटायर झालो. आता अंबरपेठेतच आहे.

युद्धात पडलेल्यांची नावं दगडावर कोरतात. यादगिरीचं कोरलेलं नाही, नियमात ते बसत नाही. त्याच्या खांद्यात काश्मीरमधला एक छर्रा शेवटपर्यंत होता; थंडीत तो खांदा चोळायचा. हैदराबादला थंडी कमी म्हणून ही नोकरी बरी, असं म्हणायचा. मेसमध्ये पहिला घास घ्यायच्या आधी तो शेजारच्याच्या ताटात बघायचा, त्याला वाढलंय का म्हणून. माझ्यासारख्या परगावच्या माणसाला त्यानं कधी एकटं जेवू दिलं नाही.

त्याचा देह गावी नेला तेव्हा मी एस्कॉर्टमध्ये होतो. सलामी झाली. लोक पांगले. त्याची बायको लक्ष्मम्मा माझ्याजवळ आली. तिला हिंदी फार येत नव्हतं, मला तेलुगू थोडं समजायला लागलं होतं. माझ्या हातांची पट्टी बघून तिनं ओळखलं असावं की मी तिथं होतो.

"बाध पडलेदु गदा?" तिनं विचारलं. त्याला त्रास नाही ना झाला?

"लेदम्मा," मी म्हणालो. नाही, आई.

तिनं मान हलवली आणि मागं उभ्या असलेल्या मुलींना तेच सांगितलं. साब सांगतात, त्रास नाही झाला. थोरलीनं माझ्याकडं पाहिलं. मी अटेन्शनमध्ये उभा राहिलो.

अख्ख्या नोकरीत खात्री केल्याशिवाय मी दिलेला तो एकच रिपोर्ट.