सिंहासनामागची वही

वहीताईंनी तीन दिवस नवऱ्याशी अबोला धरला होता, आणि चूक सर्वस्वी नवऱ्याचीच होती. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर त्याचा रडवेला चेहरा बघून लोक लगेच त्याची बाजू घेतात.

नवरा कुलपं दुरुस्त करायचा, पण गल्लीत त्याला सगळे महाराज म्हणत. हौशी नाटक मंडळात बावीस वर्षं तो एकच भूमिका करत होता: राज्य गेलेला, सगळ्यांनी वाऱ्यावर सोडलेला राजा. सिंहासनाची पाठ आतून पोकळ होती. तिथे छोट्या स्टुलावर वही आणि बॅटरी घेऊन वहीताई बसत आणि पातळ पडद्यातून त्याला वाक्यं पुरवत. प्रेक्षकांना पत्ताही लागत नसे.

मागच्या प्रयोगाला वहीताई तापाने घरी होत्या. महाराज दोनदा साफ अडकले. आणि त्यानंतर चारच दिवसांनी झाला त्यांचा सत्कार. सन्मानपत्र हातात पडलं नि जीभ सुटली! "अख्खं नाटक माझ्या डोक्यात आहे. मागून सांगणाऱ्याची मला कधी गरजच पडली नाही." टाळ्यांचा कडकडाट. पहिल्या रांगेत वहीताई हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"अगं, बोलण्याच्या भरात गेलं तोंडातून," महाराजांनी घरी गयावया केली. ताट समोर आलं, शब्द मात्र एक नाही.

रविवारी दुपारी प्रयोगाआधी मंडळाच्या व्यवस्थापकांनी बजावलं, "महाराज, आज अडकलात तर पुढच्या वेळी मुकुट सेनापतीच्या डोक्यावर." सेनापती तर आरशासमोर मुकुट घालूनच बघत होता, मेला.

शेवटचा अंक आला. प्रधान गेला, सेनापती गेला, राजा एकटा उरला. त्याने हात वर केला आणि पाटी कोरी! मागे वहीताईंनी वही मिटून मांडीवर ठेवली. आता सुचू दे म्हणावं डोक्यातलं.

"सगळे गेले," राजा चाचरत म्हणाला. मग मान थोडी मागे वळवून, "आणि जिच्या आवाजावर मी राजा झालो, तिलाच म्हणालो, तुझी गरज नाही."

वहीताईंचा हात वहीकडे गेला. पण इतक्या स्वस्तात सोडतात होय!

"पुढे?" त्या पडद्याआडून कुजबुजल्या.

"चूक झाली माझी."

"मोठ्याने."

"चूक झाली माझी!" राजा ओरडला, आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले. रांगाच्या रांगा मुसमुसायला लागल्या. तेव्हा कुठे वहीताईंनी वही उघडून पुढचं वाक्य दिलं.

व्यवस्थापक धावत आले. "काय लिहिलंत, महाराज! हे आता प्रत्येक प्रयोगात राहणार." मुकुट वाचला. वहीताईंनी त्याच संध्याकाळी ती वाक्यं ठसठशीत अक्षरात वहीत उतरवली आणि खाली दोनदा रेघ ओढली. आता दर रविवारी नवरा चारशे लोकांसमोर माफी मागणार होता. बाई खुशीत होत्या.

पुढच्या प्रयोगात महाराज बाकी सगळं घडाघडा बोलले आणि नेमके त्या माफीपाशीच अडकले. सेनापतीने विंगेतून मान पुढे काढली.

वहीताईंनी कपाळावर हात मारला. मग पडद्याला ओठ लावून हळूच म्हणाल्या, "चूक झाली माझी."