परब बाईंचं दुसरं दुखणं

परब बाई पडल्या की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "थांबा, उचलू नका. मला इथंच बसायचं होतं." लालबागच्या शाळेत मी नवीन शिक्षिका म्हणून लागले, त्याच आठवड्यात त्या जिन्यात माझ्यासमोर कोसळल्या. मी धावले, तर हातातला खडूचा डबा पुढे करत म्हणाल्या, "आधी हा धर गं."

बाई विज्ञान शिकवत. त्यांना झालेला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. "मेंदूच्या वायरींवरचं प्लॅस्टिक माझ्याच अंगातले शिपाई कुरतडतायत. चोर समजून घरच्यालाच झोडपायचं, तसलं." पुढे काठी आली, मग चाकाची खुर्ची, आणि नोकरी गेली.

परळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्या धाकट्या भावाबरोबर, दिलीपबरोबर राहत. लिफ्ट नव्हती. खाली उतरायचं तर शेजारच्या माणसांनी खुर्चीसकट उचलायचं. त्यामुळे बाई बाहेर पडेनाशाच झाल्या. बसून बसून वजन वाढलं.

एका रविवारी मी गेले, तर बोलता बोलता थांबत होत्या. "केस विंचरायला हात वर केला तरी दम लागतो गं. छाती आवळल्यासारखी होते." दिलीप त्यांना नेहमीच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. "या आजारात थकवा असतोच," ते म्हणाले, "छातीभोवती पट्टा आवळल्यासारखंही वाटतं." गोळी वाढवली आणि परत पाठवलं.

"माझं दुखणं मी इतकी वर्षं वागवलंय," बाई मला म्हणाल्या. "त्याची चाल मला कळते. हे त्यातलं नाही. पण आजाराचं नाव सांगितलं की पुढचं कुणी ऐकतच नाही."

"दुसरे डॉक्टर बघूया," मी म्हटलं.

"परत सगळ्यांना उचलायला लावू? नको."

महिन्याभरात एका सकाळी त्या घामाने भिजल्या, ओठ निळे पडले. खाली उतरवेपर्यंत बोलणं बंद झालं होतं. रुग्णालयात तरुण डॉक्टरीणबाईंनी कार्डिओग्राम पाहून विचारलं, "यांना आधी एक अटॅक येऊन गेलाय. बीपी, कोलेस्टेरॉल कधी तपासलं होतं?"

दिलीप गोंधळला. "पण ताईचा आजार तर मेंदूचा आहे ना?"

"म्हणून हृदय नसतं का? उलट अशा पेशंटचं जास्त जपावं लागतं." त्यांनी कागदावरून नजर वर केली. "तुम्हाला हे कुणी सांगितलंच नाही?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

दुपारी बाई थोडा वेळ शुद्धीवर आल्या. मी हात धरला. नेहमीसारखं काहीतरी गमतीचं बोलतील म्हणून वाट पाहत होते. "सांगितलं होतं ना मी," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी गेल्या.

चाळीत बायका जमल्या. शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, "सुटली गो बिचारी."

दिलीप भिंतीला टेकून बसला होता, तो ताडकन उठला. "सुटली म्हणू नका, काकू. तिला सुटायचं नव्हतं."

काकूंनी त्याला जवळ घेतलं. "अरे, एवढा मोठा आजार होता..."

तो परत खाली बसला.