पाडलेलं चर्च

महाडजवळच्या नाते गावातल्या सोनबांची थोरली लेक दीप्ती महाडच्या कॉलेजात इतिहास शिकवायची, पण तिचं सगळं आयुष्य गेलं समुद्रकाठच्या जुन्या चर्चच्या अभ्यासात. विषय काही तिने हौसेने निवडला नव्हता. एम.ए. झाल्यावर मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "हा कोणी घेत नाही, तू घे." तिने घेतला. गोव्यात राहून पोर्तुगीज शिकली, थडग्यांवरची लॅटिन अक्षरं लावायला शिकली. लग्नाचं वय उलटलं, तसं घरात त्यावर बोलणंही थांबलं.

गावात कुजबुज झाली, सोनबाची पोरगी बाटली म्हणून. तेव्हा सोनबा एकदा तिच्याबरोबर अलिबागेकडच्या एका वस्तीत गेले. तिथल्या लहानशा चर्चवर तिचा प्रबंध होता. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, मागच्या बाकावर बसले. परतताना एवढंच म्हणाले, "गार वाटतं गो आत."

सोनबा गेले तेव्हा ती गोव्याच्या दफ्तरखान्यात होती. पोचली तोवर सगळं उरकलं होतं. रडू आलं नाही. पुढे येईल म्हणून ती वाट बघत राहिली. ते आलंच नाही. तेरावं झालं, कॉलेज सुरू झालं, वर्षं सरली.

गेल्या वर्षी त्याच वस्तीतल्या फादरांचा फोन आला. "मॅडम, जुनं चर्च उतरवलं. भिंत फुगली होती, पोरंबाळं आत बसायची. नवं बांधलंय. उद्घाटनाला याल ना?"

"येते," ती म्हणाली आणि वर्गावर गेली. तो तास तिने नेहमीसारखाच घेतला.

रविवारी एस.टी. बदलत ती पोचली. फरशी चकचकीत, वर पंखे गरगरत होते. तिला पुढे बसवलं, दोन शब्द बोलायला सांगितलं. तिने पाडलेल्या चर्चची हकिगत सांगितली. कुणी बांधलं, छप्पर कितीदा बदललं, वेदीवर पक्षी कोणत्या सुताराने कोरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जेवणाच्या पंगतीत शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, तुमी आमच्यातल्या नाय. तुमाला वाईट वाटलं आसंल का?"

दीप्तीने खरं ते सांगितलं. "नाही वाटलं."

म्हातारीने तिच्या ताटात आणखी भात वाढला.

अंधार पडता पडता ती नात्याला आली. बनुबाई, तिची आई, ओटीवरच बसली होती.

"काय जेवलीस?"

"मासे. भात."

"आन् तुजं ते देऊळ?"

"पाडलं गो आये."

बनुबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "मंग आता तू काय शिकशील?"

"ठाव नाय," दीप्ती म्हणाली. पायावर पाणी घेतलं, लुगडी वाळत होती ती काढली, घड्या घातल्या.

मे महिन्यात ती निवृत्त झाली. निरोपाच्या भाषणात प्राचार्य तिला गडकोटांच्या थोर अभ्यासक म्हणाले. मागे कुणीतरी हसलं. तिने शाल घेतली, नारळ घेतला, नमस्कार केला. चूक दुरुस्त करावी असं एकदा मनात आलं, पण माइक तोवर दुसऱ्याच्या हातात गेला होता.