खाऱ्या शेतातल्या दोन ओळी

आमच्या मोठ्या जाऊबाईंना कुणाचे हाल बघवत नाहीत. दारात आलेलं मांजर असो की मीटर बघायला आलेला माणूस, काहीतरी पोटात घातल्याशिवाय त्या त्याला सोडायच्या नाहीत. ह्याच स्वभावापायी एकदा आमचं शेत जायची वेळ आली होती. ती सकाळ आठवली की मला बसून सांगवतच नाही!

खालचं शेत खाडीला लागून. बांध फुटून भरतीचं पाणी आत शिरलं, तेव्हापासून तिथे मीठ फुटायचं. उन्हात जमीन पांढरी दिसायची आणि काहीही लावलं तरी पानांच्या कडा करपायच्या. शेवटी मोठ्या दिरांनी हात टेकले. "कोळंबीचं तळं खणून घेतो," म्हणाले. एकदा तळं झालं की तिथे पुन्हा रोप लागणं नाही. जाऊबाईंनी हट्टानं एका हंगामाची मुदत मागून घेतली. दीर हो म्हणाले, पण त्यांनी खोदाईच्या मशीनवाल्यालाही तयार राहायला सांगून ठेवलं.

मग आल्या शेवाळवाल्या मॅडम. समुद्रातल्या शेवाळाचा अर्क शेतात आजमावून बघणं हे त्यांचं काम. काळपट पाणी, आणि वास असा की नाक धरावं! "ह्यानं जमिनीतलं मीठ जात नाही हं," त्यांनी आधीच सांगितलं. "मुळं जोर धरतात, झाडाला खारटपणा सोसायची ताकद येते. गोड्या पाण्यानं जमीन धुणं, शेणखत घालणं, ते चालूच ठेवा." टोमॅटोच्या रोपांची मुळं अर्कात बुडवून लावायची, मग अधूनमधून फवारणी. मधल्या दोन ओळींना मात्र नुसतं पाणी. "फरक कळायला हवा ना, ताई! त्यांना अर्काचा थेंबही लावू नका."

जाऊबाईंनी मुकाट्यानं मान डोलावली. तिथेच मला शंका यायला हवी होती.

हंगाम भरात आला आणि काय सांगू! ज्या जमिनीत गवत धड उगवत नव्हतं, तिथे टोमॅटोचे घोस लोंबत होते. मी बांधावर उभी राहून टाळ्याच पिटल्या. मॅडम तरातरा त्या दोन ओळींपाशी गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या ओळीही तशाच टवटवीत!

"म्हणजे अर्कानं काहीच झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "पाण्यानंच जमीन धुतली गेली असणार."

"आणि परत भरती आत आली की परत तेच रडगाणं," म्हणत दिरांनी खिशातून फोन काढला.

"थांबा हो!" जाऊबाई ओरडल्या. "मी फवारलंय त्यांना! उजाडायच्या आत येऊन फवारायचे. शेजारची सगळी तरारलेली आणि ही बिचारी माना टाकून उभी. बघवेना मला!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. दिरांना ते पटेना. "मशीन येऊ नये म्हणून काहीही सांगशील. हे खरं कशावरून?"

हंगामभर राबून जाऊबाईंनी पुरावा स्वतःच्या हातानं पुसून टाकला होता! माझा जीव टांगणीला लागला.

"अहो जाऊबाई, पण सगळ्या झाडांना पुरायचं का?" मी सहज विचारलं.

"कुठलं पुरतंय? घाईघाईत भरलेला पंप. त्या टोकाला जाईपर्यंत संपायचा."

मॅडम पळतच सुटल्या. आम्ही त्यांच्या मागे. आणि ओळींच्या टोकाला बघतो तर काय! शेवटची झाडं गुडघ्याएवढी, पानं कडेनं जळलेली, फळं बोराएवढी. दोन्ही बाजूंना मात्र अर्क मिळालेली झाडं फळांच्या ओझ्यानं वाकलेली. माती तीच, पाणी तेच.

"मिळाली! न फवारलेली झाडं मिळाली!" मॅडम चिखलातच बसून हसायला लागल्या. मी तर उड्या मारल्या, वयाचं भानच राहिलं नाही.

दीर खाली वाकले. करपलेलं पान चुरून पाहिलं, मग शेजारच्या झाडाचं पान हातात धरलं.

इकडे जाऊबाईंचं भलतंच. "अगंबाई, काय दशा झालीय ह्यांची!" म्हणत त्या पंप पाठीला लावून हजर!

दिरांनी त्यांची वाट अडवली. "खबरदार! पुढच्या वर्षी ह्या ओळींची राखण मी करणार. तुझा काडीचा भरवसा नाही."

"पुढच्या वर्षी?" जाऊबाईंनी विचारलं.

"हो. मशीनवाल्याला नको म्हणून सांगतो," दीर म्हणाले. "पण आधी तो पंप खाली ठेव."