शिआनमधली पांढरी साडी

सिडनीहून निघताना माझ्याकडे शिआन शहराची अकरा पानी माहिती होती आणि आईकडे चकल्यांचा डबा. विमानात डब्याला जास्त मागणी होती.

माझे बाबा भूगोलाचे मास्तर. पासपोर्ट न काढताच त्यांनी जन्मभर मुलांना चीन फिरवला. शिआन विशेष लाडकं, कारण भारतातून बौद्ध ग्रंथ घेऊन एक चिनी भिक्खू तिथे परतला होता. वर्षापूर्वी बाबा गेले. आई रडली नाही. मी तिला सिडनीला आणलं, तरी नाही. तिच्या त्या कोरड्या डोळ्यांची मला धास्ती वाटायची. बाबांचं शहर पाहून तरी मन मोकळं होईल, म्हणून वेस्टमीडच्या लॅबमधून रजा काढली.

शिआनच्या दक्षिणेला चिनलिंगचे डोंगर, उत्तरेला वेई नदी. मधल्या सपाटीवर एकामागून एक राजधान्या झाल्या. रेशीममार्गाचे तांडे इथून निघत. जुन्या शहराभोवतीचा तट इतका रुंद, की वर सायकली भाड्याने मिळतात. हे सगळं मी आईला तटावर उभं राहून सांगितलं.

"राजधानी म्हणे! सावलीला एक झाड नाही वर," आई म्हणाली.

डोंगरापलीकडे भात पिकतो, अलीकडे गहू. म्हणून जेवायला बियांगबियांग (कमरपट्ट्याएवढे रुंद नूडल्स) मागवले. आईने एक पट्टा उचलून पाहिला.

"वरणफळंच आहेत की. वरण तेवढं विसरलेत."

दुसऱ्या दिवशी ग्रंथांसाठी बांधलेला सातमजली मनोरा पाहायचा होता. आई पांढरी साडी नेसली. बाबांच्या मागेही तिने रंगीत साड्या सोडल्या नव्हत्या. पांढरी फक्त बुद्धवंदनेला, आम्हा बौद्धांकडची रीतच ती. चीनमध्ये पांढरा रंग दुखवट्याचा, हे माझ्या अकरा पानांत नव्हतं. रांगेतले लोक बाजूला होऊन आम्हाला वाट देऊ लागले. बुद्धाच्या देशाबद्दल केवढा हा आदर, असं समजून मी सगळ्यांना मान लववत पुढे गेलो.

मनोऱ्यासमोर आईने हात जोडून त्रिशरण म्हटलं. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईने येऊन तिचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी विचारलं. मी फोनवर भाषांतर पाहिलं: घरातलं कोण गेलं?

"आई, गैरसमज झालाय त्यांचा. साडी पाहून वाटलं, आपल्याकडे कुणी गेलंय. थांब, मी सांगतो."

"काय सांगतोस? गेलेच आहेत ना तुझे बाबा?"

आणि आई रडली. भर अंगणात, हुंदके देऊन. त्या बाईने हात सोडले नाहीत. मी फोन खिशात टाकला. मनोरा चढायचा राहिला तो राहिलाच.

सिडनीला परत आल्यावर पेंडल हिलच्या दुकानात शेजारची निशा भेटली. ती नर्स आहे, शिफ्टला निघाली होती.

"काकू, ट्रिप कशी झाली? या वयात चायना म्हणजे... यू आर सो स्ट्राँग!"

"नको गं बाई," आई म्हणाली. "जो तो स्ट्राँग म्हणायचा, मग रडायचं कुणापुढे? आणि हा तर सगळ्यात जास्त म्हणायचा."

मी कणकेची पिशवी उचलून गाडीकडे निघालो. वर्षभर मी तिला धीर देतोय, असं मला वाटत होतं.